नाझी जर्मनीतले ‘निव्वळ करमणुकी’चे सिनेमे निर्दोष होते का?

तिसरी_घंटा
हा विषय निघाला की सगळे ज्यूद्वेषी ‘युड झ्यूस’ आणि हिटलरसाठी प्रचारपट काढणाऱ्या लेनी रीफेनश्टालवर येऊन थांबतात. पण १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीत हजाराच्या वर कथापट निघाले आणि उघड प्रचारपट त्यात फार थोडे. बाकी सगळी प्रेमं, गाणी, गैरसमजांचे विनोद. माझ्या मते राजवटीचं खरं काम यांनीच केलं. १९४२चा ‘डी ग्रोसं लीबं’ बघा. त्सारा लेआंडर गायिका, नायक वैमानिक. लग्न ठरतं की त्याला युद्धावर बोलावणं येतं, दरवेळी. भाषणबाजी जवळजवळ नाही. नुसतं ‘वाट बघ, सगळं ठीक होईल’. दोन कोटींहून जास्त लोकांनी तो पाहिला. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याला आणखी काय हवं होतं?

कावळ्याची_शाळा
असहमत. बॉम्ब पडताहेत, घरचा माणूस आघाडीवर आहे, अशा बाईने दोन तास गाणी ऐकली तर तीही गुन्हेगार? योआखिम गोटशाल्कचं काय करणार? तोही गोड प्रेमपटांचाच लाडका नायक. बायको ज्यू. घटस्फोट दे म्हणून दबाव आला, त्याने दिला नाही. नोव्हेंबर १९४१मध्ये बायको-मुलाला छावणीत हलवायची वेळ आली तेव्हा तिघांनी जीव दिला. त्याच्या सिनेमांवर कुठला शिक्का मारायचा?

तिसरी_घंटा
अहो, मी प्रेक्षक बाईबद्दल बोलतच नाहीये, गोटशाल्कबद्दल तर नाहीच. मी उफाबद्दल बोलतोय, जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या चित्रपट कंपनीबद्दल. २८ मार्च १९३३ला गोबेल्सने बर्लिनच्या कायझरहोफ हॉटेलात चित्रपटवाल्यांपुढे भाषण केलं. दुसऱ्याच दिवशी उफाच्या संचालकांनी बसून ज्यू कर्मचाऱ्यांचे करार संपवायचं ठरवलं. ‘ब्लू एंजल’चा निर्माता एरिक पॉमरही गेला. तोवर तसा कायदा नव्हता, ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदासुद्धा ७ एप्रिलचा. कोणी मानगूट धरण्याआधीच मान पुढे केली.

भिंगातून
‘मान पुढे केली’ हे उफाला झुकतं माप झालं. १९२७पासून कंपनी उजव्या राष्ट्रवादी वृत्तपत्रमालक हुगेनबर्गच्या ताब्यात, आणि १९३३च्या जानेवारीत तो हिटलरच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. तिथे शरण यायला दुसरा पक्ष होताच कुठे?
शिवाय सुरुवात १९३३ला नाही झाली. डिसेंबर १९३०मध्ये ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या युद्धविरोधी सिनेमाच्या बर्लिनमधल्या खेळात गोबेल्सच्या माणसांनी पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीचे बॉम्ब फोडले. आठवड्याभरात बंदी आली, तीही हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकाच्या सेन्सॉरकडून.

कावळ्याची_शाळा
उंदरांचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण मग लेखक एरिक केस्टनर? १० मे १९३३ला बर्लिनमध्ये त्याची पुस्तकं जळत होती आणि तो स्वतः गर्दीत उभा राहून बघत होता. लिहायला बंदी. तरी उफाच्या पंचविशीच्या रंगीत ‘म्युंशहाउझन’ची पटकथा त्यानेच टोपणनावाने लिहिली. प्रदर्शन मार्च १९४३, स्टालिनग्राडला जर्मन सैन्य शरण जाऊन महिना झालेला. आणि त्यात एक पात्र म्हणतं, घड्याळ नाही बिघडलं, काळच बिघडलाय. हे ऐकून थिएटरात कोणाला तरी धाप लागली असणार ना?

तिसरी_घंटा
लागली असेल. पण बाहेर पडताना ‘रंग काय सुरेख होते’ हेच म्हणाले असणार. असं एखादं वाक्य गोबेल्सला परवडत होतं. त्या वर्षी शंभर कोटींवर तिकिटं खपली. माणूस थिएटरात असेपर्यंत रस्त्यावर नव्हता.

कावळ्याची_शाळा
‘म्हणाले असणार’ ही तुमची कल्पना, माझी धाप ही माझी. फिट्टंफाट.

मालाड_लोकल
अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. प्रभातचा ‘सैरंध्री’ रंगीत छपाईसाठी १९३३मध्ये जर्मनीलाच गेला होता. आणि इकडे मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये ‘अछूत कन्या’ (१९३६) दिग्दर्शित करणारा फ्रान्झ ऑस्टेन म्युनिकचा, नाझी पक्षाचा सदस्य. १९३९ला युद्ध पेटल्यावर इंग्रजांनी त्याला नजरकैदेत टाकलं. अस्पृश्यतेविरुद्धचा सिनेमा आणि कॅमेऱ्यामागे हा माणूस! धागाकर्ते, तुमच्या हिशेबात ‘अछूत कन्या’ कुठे बसते?

तिसरी_घंटा
पैसा हिमांशू राय यांच्या कंपनीचा, गोबेल्सचा नव्हे. मी कारखाना बघतो, कारागीर नाही.

कावळ्याची_शाळा
आत्ता कसं बोललात! मग केस्टनरही कारागीरच की.

तिसरी_घंटा
केस्टनर, बरं. पण उफाला सोडणार नाही.