मदत हवी आहे : ‘रामदास’ बोट आणि अडकित्त्याचे कोडे

माझ्या कादंबरीची रेवसची नायिका भरतीच्या पाण्यातून १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावर पोहोचते आणि त्याच दिवशी बुडालेल्या ‘रामदास’ बोटीत चढणाऱ्या आजोबांना अडवू पाहते. आजोबा वाचले, तर तिला भूतकाळात मागे जाण्याचे कारणच उरत नाही. समांतर विश्व लिहून पाहिले. पण तिच्या घरातली आजोबांची हार घातलेली तसबीर तशीच राहते, म्हणून सोडले. घडले तेच घडणार, हा रशियन भौतिकशास्त्रज्ञ नोविकोव्ह यांचा सुसंगतीचा नियम मला पटतो (बोट बुडण्याचा इतिहास बदलायचा नाहीच). मात्र नायिका तिथे तरुण आजीला जो अडकित्ता देते, तोच पुढे वारशाने तिच्याकडे येतो. जादू चालेल, यंत्र नको. मग तो अडकित्ता मुळात घडवला कोणी, आणि प्रत्येक फेरीत त्याचे पाते झिजत जाणार, त्याचे काय करावे?