थीम पार्क: बुफे घ्यावा की काउंटरवरचं?

प्रश्न: खोपोलीच्या इमॅजिकाला चौघं जातोय, दोन लहान मुलं. जेवणाचे पैसे कुठे वसूल होतात?

उत्तर १: मुलं निम्मं ताटात टाकणार असतील तर बुफे तोट्याचा. काउंटरवर पावभाजी, राजमा-भात घ्या, गरम ठेवल्याने बिघडत नाहीत. पुरी-भटुरे टाळा, दहा मिनिटांत वातड होतात. आणि दुपारी एक ते दोनच्या वेळेत रांगेत उभं राहू नका! साडेअकराला जेवा.

उत्तर २: बुफेत आधी झाकण उचलून बघा. वाफ नाही म्हणजे पदार्थ गरम ठेवणारं भांड्याखालचं पाणी थंड. गरम पदार्थ ६० अंशांवर हवेत. कापलेली फळं, रायतं बर्फावर नसेल तर सोडा.

उत्तर १: पाण्याच्या बाटलीचं राहिलंच. स्टॉलवर छापील किंमतच द्या. टेबलावर वाढली तर हॉटेलला जास्त पैसे घेता येतात, सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे.