शब्दचर्चा : बाणाचं 'फळ', 'पातं' आणि जुळवणी

प्रश्न (पंचवटीतून)

कंपाउंड धनुष्याच्या (टोकांना कप्प्या बसवलेल्या आधुनिक धनुष्याच्या) एका मार्गदर्शक पुस्तिकेचा मराठी अनुवाद करतो आहे. पुस्तिका अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी आहे. तिथे हंगामात परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करता येते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शिकारीच्या या वस्तू आपल्या बाजारात सहसा दिसत नाहीत आणि त्यांना रुळलेले शब्दही नाहीत.

अडलंय 'ब्रॉडहेड'पाशी. बाणाच्या पुढे बसवायचं, धारदार पात्यांचं रुंद टोक. 'बाणाग्र' लिहिलं तर सरावाचं साधं टोकही त्यातच येतं. 'शल्य' सुचलं होतं, पण ते मला पटत नाही. शल्य म्हणजे अंगात रुतून राहिलेलं टोक. म्हणून तर शल्यक्रिया, म्हणून तर 'मनात शल्य राहिलं'. भात्यातल्या कोऱ्या टोकाला शल्य कसं म्हणणार?

दुसरा शब्द 'ट्यूनिंग', म्हणजे बाण नेमका जावा म्हणून धनुष्य आणि बाण एकमेकांशी जुळवून घेणं. तंबोरा लावतात तसं 'बाण लावणे' म्हणावं, तर मराठीत त्याचा अर्थ बाण दोरीवर चढवणे असा होतो.

उत्तर (नाशिकरोडहून)

'फळ' घ्या. आपण 'भाल्याचं फळ' म्हणतोच, आणि संस्कृतातही बाणाच्या पुढच्या लोखंडी भागाला 'फल' हाच शब्द आहे. धनुर्वेदाच्या ग्रंथांत फळांचे प्रकार आकारावरून सांगितले आहेत : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड. म्हणजे रुंद धारेचं फळ वेगळं आणि सुईसारखं वेगळं, हा भेद आपल्याकडे जुनाच आहे.

यातला क्षुरप्र मला फार मोलाचा वाटतो. क्षुर म्हणजे वस्तरा. वस्तऱ्यासारख्या धारेचा बाण तो क्षुरप्र. याच शब्दापासून आपलं 'खुरपं' आलं. निफाडच्या कांद्याच्या वाफ्यात निंदणी करणारी बाई जे हत्यार हातात धरते, त्याचं नाव आणि रुंद फळाच्या बाणाचं नाव मुळात एकच. भल्लचा भाला झाला, तसाच हा प्रवास. अनुवादात क्षुरप्र लिहा असं मात्र मी म्हणणार नाही, वाचक तिथेच थांबेल. 'पात्याचं फळ' लिहा. सरावाच्या टोकाला 'सरावाचं टोक' पुरे.

प्रश्नकर्ता

'पात्याचं फळ' पटलं. मग त्याचे दोन प्रकार कसे सांगू? एकात पाती कायम उघडी असतात. दुसऱ्यात ती उडताना मिटलेली असतात आणि लागताक्षणी उघडतात.

उत्तर (नाशिकरोडहून)

'घडीचा चाकू' म्हणतो ना आपण? मग 'घडीच्या पात्यांचं फळ'. दुसरं 'पक्क्या पात्यांचं'. 'यांत्रिक फळ' कृपा करून नको, त्यात यंत्र काहीच नाही.

उत्तर (सातपूरहून)

मी लेथवर काम करतो, मुलगी कंपाउंड खेळते. म्हणून या विषयात थोडं सांगतो.

जोरकस धनुष्यात पक्की पाती का त्रास देतात, ते वाक्यात आलं पाहिजे, नाहीतर जुळवणी कशाला हे वाचकाला कळणार नाही. पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला फुटलेले पंखच. मागची पिसं बाण सरळ ठेवू बघतात, पुढचे पंख त्याला भलतीकडे नेऊ बघतात. हवेचा हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला 250 फुटांवरून 300 वर गेलात, तर वेग सव्वापटही वाढला नाही, पण जोर जवळजवळ दीडपट. संथ धनुष्यात खपून गेलेला बारीक दोष इथे उघडा पडतो. म्हणून वेगवान धनुष्याला आखूड, मध्ये खिडक्या कापलेली पाती निवडतात, किंवा घडीची.

पहिली तपासणी बाण फिरवून करतात. फळ खाली करून बाण गुळगुळीत पत्र्यावर उभा धरायचा, चिमटीने गरकन फिरवायचा आणि बाणाची काडी जिथे फळाला मिळते तिथे नजर ठेवायची. तो जोड थरथरला तर फळ वाकडं बसलं आहे किंवा काडीचं तोंड काटकोनात कापलेलं नाही. याला आमच्या शॉपमधला शब्द आहे, 'आउट'. 'जॉब आउट फिरतोय' म्हणतो तसं 'फळ आउट आहे'. सायकलवाले चाकालाही हेच म्हणतात. हा शब्द ठेवा, कोणालाही कळेल.

प्रश्नकर्ता

ठेवतो. 'ग्रेन' या वजनाचं काय करू? फळं 100 आणि 125 ग्रेनची येतात.

उत्तर (सराफ बाजारातून)

'ग्रेन'च ठेवा आणि एकदा ग्रॅम द्या. 100 ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, 125 म्हणजे आठ. इंग्रजी अमदानीत तोळा 180 ग्रेनचा ठरला होता, तेव्हा 100 ग्रेनचं फळ अर्ध्या तोळ्याहून थोडं जड. जुन्या वाचकाला तेवढ्याने अंदाज येतो. गुंजांत मात्र जाऊ नका, गुंज म्हणजे किती हे आता आमच्या पेढीवरच्या पोरांनाही सांगावं लागतं.

उत्तर (सुरगाण्याहून)

दादा, आमच्याकडे तिरकामठा म्हणतात, तुम्ही पुस्तिकेत 'धनुष्य' लिहा, ते बरोबरच आहे. पण बाणाच्या मधल्या भागाला 'शर' किंवा 'दंड' लिहू नका. काडीच म्हणा. आणि मागे दोरी बसते ती 'खाच'.

प्रश्नकर्ता

काडी, खाच, पिसं, फळ. सगळे घेतले. 'ट्यूनिंग'ला 'जुळवणी' करतो. बाण ज्यावर टेकतो त्या 'रेस्ट'ला 'टेकू'. परिच्छेद असा झाला आहे :

'आधी बाण फिरवून फळ आउट नाही याची खात्री करा. मग त्याच वजनाची सरावाची टोकं लावून काही बाण सोडा, आणि तेवढ्याच अंतरावरून, तसाच नेम धरून पात्यांच्या फळांचे बाण सोडा. पात्यांचे बाण डावीकडे लागत असतील तर टेकू किंचित उजवीकडे सरकवा, उजवीकडे लागत असतील तर डावीकडे. एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा कमी. दोन्ही ग्रुप (बाण लागलेल्या जागांचे पुंजके) जुळेपर्यंत नेमदर्शकाला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, हात लावू नका.'

उत्तर (सातपूरहून)

बरोबर आहे. फक्त 'पात्यांच्या फळांसाठी वेगळं निशाण ठेवा' हे घाला. ती पाती सरावाचं निशाण फाडून टाकतात, आणि बाण उपसताना हात फळाजवळ नेऊ नये हेही त्याच ओळीत लिहा.