मदत हवी आहे: लेकीचा भूगोल, स्टेट म्हणजे देश की राज्य, आणि ते जेरीमँडरिंग

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आम्ही शार्लटला असतो, नॉर्थ कॅरोलायना. लेक नववीत, शाळेत एपी (म्हणजे कॉलेजच्या पातळीचा विषय) ह्युमन जिऑग्रफी घेतलंय. सध्या पॉलिटिकल जिऑग्रफीचं युनिट चालू आहे आणि पुढच्या मंगळवारी टेस्ट. आमच्या वेळी भूगोल म्हणजे काळी मृदा, पर्जन्यछायेचा प्रदेश आणि नकाशात नद्या भरणे, त्यामुळे मी मोठ्या तोऱ्यात "मी घेतो तुझा अभ्यास" म्हणालो आणि आता तोंडावर पडलोय. घरी आम्ही मराठीच बोलतो, तेव्हा समजावायचं तर मराठीतून, आणि तिथेच गाडी अडते.

पहिला घोळ स्टेटचा. लेक म्हणते नेशन म्हणजे लोक, स्टेट म्हणजे देश. मी म्हटलं, अगं स्टेट म्हणजे राज्य, आपलं नॉर्थ कॅरोलायना, तिकडे महाराष्ट्र. तर म्हणे, बाबा ते छोट्या एसवालं, हे कॅपिटलवालं. आता मराठीत कॅपिटल आणायचं कुठून? वर महाराष्ट्राच्या नावातच राष्ट्र आणि आहे मात्र राज्य, आणि संयुक्त राष्ट्रसंघात सगळे देश बसलेले. मी गप्प बसलो.

दुसरं, सीमांचे प्रकार. अँटिसिडंट, सबसिक्वेंट, सुपरइम्पोज्ड, रेलिक्ट. पुस्तकात आफ्रिका आणि बर्लिनची भिंत आहे पण तिला "आपलं" उदाहरण हवंय, सरांनी एक्स्ट्रा क्रेडिट ठेवलंय.

आणि तिसरं ते जेरीमँडरिंग, म्हणजे आपल्याला हवा तसा निकाल लागावा म्हणून मतदारसंघाच्या रेघा वाकड्यातिकड्या ओढणं. नावाप्रमाणे जेरीस आलोय. मजा म्हणजे मी रोज ज्या आय-८५ वरून ऑफिसला जातो ना, तो रस्ता तिच्या पुस्तकात आहे! १९९२ साली इथला बारावा मतदारसंघ शार्लटपासून पार डरहॅमपर्यंत आखला होता, साधारण १६० मैल, आणि काही ठिकाणी रुंदी जवळपास त्या हायवेएवढीच. केस सुप्रीम कोर्टात गेली, शॉ विरुद्ध रीनो, १९९३. इतकं वाचलं, पण पॅकिंग आणि क्रॅकिंग यात फरक काय ते मलाच कळेना, आणि आपल्याकडे भारतात असं चालतं का हा तिचा प्रश्न, त्यावर "नाही गं" म्हणालो ते बरोबर की थाप?

---

शिवेवरचा म्हसोबा:

पहिल्याचं सोपं आहे. राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकात मोठ्या एसवाल्या स्टेटला राज्यसंस्था किंवा सार्वभौम राज्य म्हणतात आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तुमचं कॅरोलायना ही घटकराज्यं. भूभाग, लोक, सरकार आणि सार्वभौमत्व, चारही हवेत. महाराष्ट्राकडे पहिले तीन आहेत, चौथं नाही, संपला विषय. राष्ट्र म्हणजे "आपण एक" असं वाटणारे लोक, त्यांना स्वतःचं राज्य असेलच असं नाही. कुर्द बघा, तुर्कस्तान, इराक, इराण, सीरिया चार ठिकाणी विखुरलेत, राष्ट्र आहे पण राज्य नाही. दोन्ही बऱ्यापैकी जुळलं की राष्ट्र-राज्य, जपान हे नेहमीचं उदाहरण. भारत त्यात बसत नाही, तो बहुराष्ट्रीय राज्यात धरतात, पण हे वाक्य इथे लिहिलं की शंभर प्रतिसाद येतात म्हणून थांबतो. आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या नावात राष्ट्र असलं तरी सभासद राज्यं असतात, घोळ मराठीचा नाही, नाव ठेवणाऱ्यांचा.

अजून एक, फ्रंटिअर आणि बाउंडरी हा फरकही टेस्टला येतो. तिला विचारा गावाची शीव माहितीय का. शीव ही रेघ, ती ओलांडली की दुसरं गाव. पण दोन जुन्या राजवटींच्या मधलं रान, जिथे नक्की कोणाचंच चालत नाही, तो पट्टा म्हणजे फ्रंटिअर. मुंबईतलं सायन म्हणजे मूळचं शीवच, मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची तिथे.

---

भुईछत्री:

बावीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवलाय, त्यामुळे राहवत नाही. रेलिक्ट म्हणजे जी हद्द आता चालत नाही पण तिच्या खुणा राहिल्यात. धागाकर्ते, तुमचं मूळ गाव कोणतं? मराठवाड्यातलं असेल तर उदाहरण घरातच आहे.

सुपरइम्पोज्ड म्हणजे तिथल्या लोकांचा विचार न करता बाहेरून लादलेली, तिला भारत-पाकिस्तानची रॅडक्लिफ रेषा द्या. आधी इथे कधी न आलेला माणूस, जेमतेम पाच आठवडे काम, आणि रेषा जाहीर झाली १७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर! लोकांनी झेंडे फडकवले तेव्हा आपण कुठल्या देशात आहोत हेच काहींना माहीत नव्हतं. सबसिक्वेंटला १९५६ ची भाषावार प्रांतरचना, माणसं आणि भाषा आधी रुजलेल्या, त्या बघून रेघ नंतर ओढली. अँटिसिडंट म्हणजे वस्ती व्हायच्या आधीच आखलेली, तिला तुमच्याकडचीच ४९व्या अक्षांशाची कॅनडा सीमा, १८१८ ला ठरली तेव्हा तिकडे गोऱ्यांची वस्ती जवळजवळ नव्हती. (मूळ रहिवासी होते, ते पुस्तकं हळूच गाळतात.)

---

ताकपोळी:

मग बेळगाव कशात बसवायचं ताई? रचना भाषेवर झाली म्हणून सबसिक्वेंट? तिथल्या मराठी माणसाला विचारा, तो सुपरइम्पोज्डच म्हणेल. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राने तो मानला नाही, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात.

---

भुईछत्री:

बरोबर आहे तुमचं, एकच रेघ दोन बाजूंनी दोन प्रकारची दिसते. लेकीने असं लिहिलं तर मी पूर्ण मार्क दिले असते, तिच्या सरांचं माहीत नाही. आणि सीमावादच हवा तर चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली १४ गावं आहेत, महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघं हक्क सांगतात, लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं. तिथल्या एका घराची तर बातमी झाली होती, सीमा घरातूनच जाते, काही खोल्या या राज्यात आणि काही त्या राज्यात, घरपट्टी दोन्हीकडे.

---

बोरघाटी:

जेरीमँडरिंगचं मी सांगतो. शेंगदाणे १५ घ्या, फुटाणे १०. पाच वाट्या, प्रत्येकीत पाच दाणे. ज्याचे जास्त ती वाटी त्याची. सरळ वाटलं, प्रत्येकीत ३ शेंगदाणे २ फुटाणे, तर पाचही वाट्या शेंगदाण्याच्या. आता तुम्ही फुटाण्याच्या पार्टीचे आहात असं समजा. एका वाटीत ५ शेंगदाणे कोंबा, दुसरीत ४ आणि १ फुटाणा, हे पॅकिंग, समोरच्याची मतं एका जागी साठवून वाया घालवायची. उरलेल्या तीन वाट्यांत २ शेंगदाणे ३ फुटाणे, हे क्रॅकिंग, पांगवून टाकायचं. झाले फुटाणे ३-२ ने विजयी, एकही दाणा न वाढवता. तुमच्याकडे झालंय हे, कॅरोलायनाच्या १४ जागा २०२२ ला ७-७ होत्या, विधिमंडळाने २०२३ मध्ये नवा नकाशा केला आणि २०२४ ला १०-४. ग्रीन्सबरोला तर एका नकाशात कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमधूनच रेघ नेली होती, एकाच कॉलेजची पोरं दोन मतदारसंघात.

पण प्रत्येक वाकडी रेघ लबाडीचीच असं नाही हं, तो तुमचा हायवेवाला १९९२ चा मतदारसंघ कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य व्हावेत म्हणूनच तसा लांबवला होता, कोर्टात भांडण त्यावरच.

भारतात "नाही गं" अर्धं बरोबर. तिकडे बहुतेक ठिकाणी आमदारच रेघा ओढतात, इकडे परिसीमन आयोग, अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, खासदार-आमदार सोबत बसतात पण त्यांना मत नाही. आमचा त्रास वेगळा. २००८ ला मावळ लोकसभा झाली, आम्ही पनवेलवाले आणि घाटावरचे पिंपरी-चिंचवडवाले एकाच खासदाराला मत देतो, मध्ये अख्खा सह्याद्री. त्याच वेळी सिंधुदुर्गच्या विधानसभा ४ च्या ३ झाल्या, रत्नागिरीत खेड आणि संगमेश्वर गेले. कोणी कट केला नाही, माणसं मुंबईला आली आणि डोकी तिकडे मोजली गेली. आणि राज्याराज्यांत लोकसभेच्या जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली, २००१ च्या ८४व्या घटनादुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. म्हणजे एका खासदारामागे माणसं कुठे फार, कुठे कमी. याला जेरीमँडरिंग नाही, मालअ‍ॅपोर्शनमेंट म्हणतात, लेकीला हा शब्द सांगाच, टेस्टला येतो.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार, भुईछत्रीताईंचे स्पेशल. मूळ गाव लातूर! काल आईला व्हिडिओ कॉलवर विचारलं तर तिने सांगितलं, तिचे वडील रझाकारांच्या वेळी घरदार सोडून बार्शीला येऊन राहिले होते, कारण बार्शी इंग्रजी मुलखातली आणि लातूर निजामात. मी बार्शीला शंभरदा गेलो असेन, मध्ये देशाची म्हणावी अशी हद्द होती हे डोक्यातच आलं नव्हतं. लेकीने आजीला पाऊण तास प्रश्न विचारले, ती सीमा कुठल्या ओढ्याजवळ होती इथपर्यंत, आणि एक्स्ट्रा क्रेडिटला बार्शी-लातूर लिहिणार म्हणते. सरांना स्पेलिंग कळणार नाही, पण असो.

शेंगदाण्यांचा प्रयोग केला. तिला दोन मिनिटांत जमला, मला दोनदा चुकला. वर म्हणाली, बाबा, सहावी वाटी वाढवली तर? आता याचं उत्तर कोण देणार, बोरघाटी? मंगळवारच्या आत सांगा, फुटाणे मी खाल्लेत, नवीन आणतो.