तेलरोधक कागदाचा लेप: परीक्षक म्हणतात ‘हे तर उघडच’

मकरपुरा_कोटिंग
नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचं लहान युनिट आहे. फरसाण, लीला चिवडा बांधायच्या कागदावर आम्ही पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) आणि चपट्या कणांचं केओलिन (पांढरी चिनी माती) यांचा पाण्यातला लेप देतो, पॉलिथिन अजिबात नाही. पेटंट अर्जावर मुंबई कार्यालयाचा परीक्षण अहवाल आलाय. एका जुन्या पेटंटमध्ये हे पॉलिमर तेल अडवतं असं आहे, दुसऱ्यात केओलिन. दोन्ही एकत्र करणं कुणालाही सुचेल, असा आक्षेप. तो टिकतो का?

दांडियाबाजार_काका
पेटंटच्या कामात हयात गेली, म्हणून स्पष्टच सांगतो. नुसत्या मिश्रणावर दावा, म्हणजे हक्काची मागणी, असेल तर आक्षेप टिकेल. चपटे कण आडवे पसरले की तेलाची वाट लांबते, हे कोटिंगवाल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा दोन्ही जोडायला कारण आयतंच आहे. बिश्वनाथ प्रसाद खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: जुने भाग जुळवले, तर त्यातून काही नवा परिणाम निघाला पाहिजे. शिवाय पेटंट कायद्याचं कलम ३(ई) आहेच. गुणांची नुसती बेरीज असलेलं मिश्रण पेटंटयोग्य नाही. मग तुमच्या लेपात अपेक्षेपलीकडचं काय घडतं?

ब्लेड_कोटर
मला विचाराल तर घडी बघा. केओलिन वाढवलं की लेप कडक होतो, घडीवर तडकतो आणि तेल तिथूनच झिरपतं. म्हणून आम्ही ते एका मर्यादेपुढे नेतच नाही.

मकरपुरा_कोटिंग
अहो, तेच तर! आमचा लेप भरपूर केओलिन असूनही घडीवर तडकत नाही. पॉलिमरची कमी जलविघटित (बनवताना पाण्याची प्रक्रिया अर्धवट ठेवलेली) जात आणि वाळवायचं तापमान, दोन्ही जुळल्यावरच हे होतं.

दांडियाबाजार_काका
मग दावा तिथे न्या. जाणकार माणूस ज्या वाटेला जात नाही, तिथून तुम्ही उत्तर आणलंय. ते उघड कसं? नुसतं पॉलिमर, नुसतं केओलिन आणि दोन्ही मिळून, अशा तिन्ही नमुन्यांची टॅपी टी ५५९ किट चाचणी (कागद तेल किती अडवतो ते मोजणारी) करा, सपाट कागदावर आणि घडीवरही. आकडे शपथपत्रावर द्या. मात्र ती पॉलिमरची जात आणि ते तापमान अर्जासोबतच्या मूळ तपशिलात लिहिलेलं हवं. नसेल तर कलम ५९ खाली दाव्यात दुरुस्ती मिळणार नाही. उत्तराला अहवालाच्या तारखेपासून सहा महिने असतात, तेव्हा आज रात्रीच तपशील काढून वाचा.

मकरपुरा_कोटिंग
जात लिहिलेली आहे. तापमान फक्त एका उदाहरणात आहे. तेवढं पुरेल का, काका?