दौलताबादच्या बुरुजावर शाई पसरायलीय

परभणीकर: दौलताबाद किल्ल्याचा बुरूज काढायलोय. आधी पेनानं रेघा, मग जलरंग. पाणी लागलं की सगळा काळा चिखल! रंगीत पेन्सिल फिरवली तर वरून रंग बसेना. कागद चित्रकला वहीचा. कुठं चुकतंय?

लातूरची ताई: दादा, शाई फाउंटन पेनची आहे का? तसली बहुतेक पाण्यानं पसरतेच. वॉटरप्रूफ पिगमेंट शाईचा पेन घ्या अन् रेघ पूर्ण वाळू द्या. कागद 300 जीएसएमचा म्हणजे जाड घ्या, वहीचा फुगतो. रंगीत पेन्सिल सगळ्यात शेवटी, तिच्यातलं मेण पाणी धरू देत नाही. खरखरीत कागदावर ती आडवी फिरवा, किल्ल्याचा काळा बेसाल्ट दगड आपोआप दिसतो. मला हे कळायला दोन वर्षं गेली.

नांदेडी: ताईंचं बरोबर. पण काळा दगड म्हणून नुसता काळा रंग लावू नका, मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा अन् बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळा. एप्रिलात दुपारी बसूच नका, ब्रश उचलायच्या आत वॉश (पातळ रंगाचा हात) वाळतो अन् कडा पडतात.

परभणीकर: शाई फाउंटन पेनचीच निघाली! लेकीच्या कंपासमधला पेन होता.