ड्रग कॅल्क्युलेशनच्या पेपरात दहापैकी दहाच हवेत का?

सिस्टर ट्यूटर (धागाकर्ती)

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवतेय त्याला चौदा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एक पेपर तपासला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडते.

गणित साधं होतं. बाळाचं वजन ८ किलो, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचंय. म्हणजे १२० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. उत्तर २.४ मिलिलिटर. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ५ मिलिलिटर लिहिलं. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमवाली बाटली त्यांच्या इतकी डोळ्यांखालची होती की दिलेलं लेबल त्यांनी वाचलंच नाही. बाळाला दुपटीहून जास्त डोस गेला असता. मी शून्य दिलं. एक मुलगी पेपर घेऊन आली, "मॅडम, वजनाने गुणलंय ते बरोबर आहे ना, अर्धे तरी द्या."

अर्धे मी दिले नाहीत, पण तिचं म्हणणं आपल्या पद्धतीला धरूनच होतं. पन्नास टक्क्यांना पास करणारा पेपर आपणच काढतो. निम्मे डोस चुकवणारी मुलगी त्या पेपरातून पास होऊन वॉर्डात येते.

माझं मत असं. कॅल्क्युलेशनचा पेपर वेगळा काढा. दहा गणितं, दहाच्या दहा बरोबर. तोवर मेडिसिन ट्रॉलीला हात नाही, फक्त बाजूला उभं राहून बघायचं. पेपर कितीही वेळा देऊ द्या, त्याला माझी ना नाही.

आणि दुसरं, सुरुवात लेबलापासून करा. आपण पहिल्या दिवशी औषधांचं वर्गीकरण फळ्यावर काढतो. पोरं ते पाठ करतात, पण अँप्यूल (इंजेक्शनची काचेची छोटी कुपी) हातात दिलं की "यात एकूण किती आहे आणि एका मिलिलिटरमध्ये किती" हे सांगता येत नाही.

रात्रपाळी

मॅडम, आदर ठेवून सरळ विरोध करते. अकरा वर्षं आयसीयूत आहे.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. ६० किलोचा पेशंट, डोपामिन (बीपी वाढवणारं औषध) ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, २०० मिलिग्रॅम ५० मिलिलिटरमध्ये. मी चार्टवर हिशोब मांडला, ४.५ मिलिलिटर ताशी. बरोबर होता, तो कागद नंतर सगळ्यांनी पाहिला. ठरलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या पंपाशी उभी राहिले तेवढ्यात शेजारच्या व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला, फोन वाजला, आणि दाराशी एक नातेवाईक "सिस्टर, सिस्टर" करत होते. मी पंपावर ४५ टाकलं आणि स्टार्ट दाबलं. म्हणजे ५ च्या जागी ५० मायक्रोग्रॅम. बीपी चढायला लागलं आणि पलीकडच्या कॉटवरची माझी मैत्रीण धावत आली. पेशंट वाचला. पुढच्या तीन रात्री मला झोप नव्हती.

त्या दिवशी कोणी माझा पेपर घेतला असता तर मला दहापैकी दहाच मिळाले असते.

सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांत ९८ नर्सेसच्या मागे उभं राहून औषध देण्याच्या चार हजारांहून जास्त वेळा पाहिल्या गेल्या. २०१० साली ते छापून आलं. प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. अनुभवी नर्सेसही त्यातून सुटल्या नव्हत्या. तुमच्या शांत परीक्षा-हॉलमध्ये यातलं काय मोजलं जाणार? मुलांना आधी "थांबा, मी औषध भरतेय" हे मोठ्याने म्हणायला शिकवा. डॉक्टरांनाही.

सिस्टर ट्यूटर

रात्रपाळी ताई, एवढं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण तुमची मैत्रीण धावत का आली? ५० मायक्रोग्रॅम हा आकडा तिला खटकला म्हणून. जिला गणित येत नाही तिला ४५ खटकणारच नाही. घाईत डोळा चुकतो, तेव्हा सावरायला आकड्याची ओळख लागते. व्यत्ययांवर बोलूच, पण म्हणून पन्नास टक्क्यांवर समाधान मानायचं?

फार्मसी काउंटर

मी फार्मासिस्ट आहे, नर्स नाही. तरी लिहितो, कारण तुम्ही दोघीही सगळा भार एकाच माणसाच्या डोक्यावर टाकताय.

पोटॅशियम क्लोराइडचं १५ टक्क्यांचं अँप्यूल घ्या. १० मिलिलिटर, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). डायल्यूट न करता शिरेत पुश केलं की हृदय थांबतं. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ मध्ये अशा गंभीर घटनांवर इशारे काढायला सुरुवात केली, त्यातला पहिलाच याच औषधावर होता. उपाय काय निघाला? नर्सेसची परीक्षा घ्या असा नव्हता. ते अँप्यूल वॉर्डाच्या साठ्यातून काढा, असा होता. डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलशेजारच्या खणात ते असतंच कशाला?

"योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ" हे पाच नियम तुम्ही पहिल्या दिवसापासून घोकून घेता. ते चांगलेच आहेत. पण कुठे पोचायचं ते त्यात आहे, कसं पोचायचं ते नाही. चूक झाली की चौकशीत "पाच नियम पाळले नाहीत" एवढं लिहून फाइल बंद होते, आणि तोच खण, तेच अँप्यूल पुढच्या मुलीची वाट बघत राहतं.

शिकवायचंच असेल तर ऑर्डर वाचायला शिकवा. १ लिहायच्या जागी १.० लिहिलं की टिंब पुसट होऊन १० वाचलं जातं. शून्य न लावता .५ लिहिलं की ५ होतं. युनिटसाठी नुसता इंग्रजी यू काढला की घाईच्या अक्षरात तो शून्यासारखा दिसतो, ४ युनिटचे ४० होतात. असं दिसलं की विचारायचं, अंदाज बांधायचा नाही.

वॉर्ड इनचार्ज

ट्यूटर मॅडम, तुमची तळमळ कळते, पण ट्रॉलीला हात नाही म्हणता तिथे माझा पूर्ण विरोध. मुलगी दोन महिने बाजूला उभी राहिली तर शिकणार काय? पास होऊन ड्युटीवर आली की पहिल्याच रात्री वीस पेशंटची ट्रॉली तिच्या एकटीच्या हातात असते. त्यापेक्षा आत्ता, मी शेजारी असताना तिचा हात थरथरू दे.

आणि सगळा धागा गणितावरच चाललाय, याचं मला जास्त वाईट वाटतं. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते, गणितात एकदम पक्की. पेशंट आजोबा, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) दोन्ही चालू. सकाळी तिने डिगॉक्सिनची गोळी काढली, नाव पाहिलं, डोस पाहिला, पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, ६४ भरली. ६० च्या खाली नाही, म्हणजे द्यायला हरकत नाही. सगळं पुस्तकाप्रमाणे. मी विचारलं, "आजोबांनी नाश्ता केला का?" म्हणाली, "नाही, कालपासून मळमळतंय म्हणतात, सगळं पिवळसर दिसतंय असंही म्हणत होते." रिपोर्ट तिच्या हातातल्या फाइलमध्येच होता, पोटॅशियम २.८, म्हणजे कमी.

फ्युरोसेमाइडमुळे लघवीवाटे पोटॅशियम जातं. डिगॉक्सिन पेशीवरच्या ज्या पंपाला चिकटतं तिथे पोटॅशियमशी त्याची चढाओढ असते. पोटॅशियम कमी पडलं की डिगॉक्सिनला मोकळं रान मिळतं आणि नेहमीचाच डोस विषारी ठरू शकतो. हे ठाऊक असेल तर मळमळ आणि पिवळं दिसणं कानावर पडताच हात थांबतो. तिने फ्युरोसेमाइड एका धड्यात पाठ केलं होतं, डिगॉक्सिन दुसऱ्या धड्यात. आम्ही गोळी थांबवली, डॉक्टरांना फोन केला.

तुम्ही वर्गीकरण मागे टाकायला निघालात, मॅडम. मी म्हणेन, औषध शरीरात काय करतं ते आणखी खोलात शिकवा.

तिसरं वर्ष

सगळे मोठे बोलताहेत, मी विद्यार्थिनी आहे. चालेल ना?

मला दहापैकी दहाची भीती नाही वाटत. भीती वाटते ती डबल चेकची. मागच्या पोस्टिंगला हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) भरलं. नियम असा की दुसऱ्या नर्सने तपासायचं. मी सिरिंज आणि व्हायल (औषधाची छोटी बाटली) घेऊन स्टाफ सिस्टरांकडे गेले. म्हणाल्या, "किती भरलंस?" मी आकडा सांगितला. "बरोबर आहे," आणि सही. व्हायल त्यांनी हातात घेतली नाही. त्यांचं चुकलं असं म्हणत नाही, त्यांच्याकडे तेव्हा दोन नवीन ॲडमिशन होत्या. पण मी व्हायलचं लेबल चुकीचं वाचलं असतं तर त्या सहीचा काय उपयोग होता?

परत जाऊन मी एकटीनेच तीनदा वाचलं.

पुन्हा जाऊन "सिस्टर, प्लीज व्हायल बघता का" म्हणायची हिंमत झाली नाही. हे कोणत्या पेपरात येतं?

रात्रपाळी

बाळा, अगदी बरोबर बोललीस. डबल चेक म्हणजे दुसरीने पहिलीचं उत्तर न ऐकता स्वतः हिशोब करायचा आणि मग दोन्ही आकडे जुळवायचे. आकडा आधी कानावर पडला की दुसरीचं डोकं त्यालाच मान डोलावतं. पुढच्या वेळी आकडा सांगूच नकोस. ऑर्डर, व्हायल आणि भरलेली सिरिंज पुढे धर आणि म्हण, "सिस्टर, तुमचा किती येतो?" विचारायलाही हे सोपं जातं. कोणी दुखावत नाही.

इन्सुलिनला तर हे हवंच. मिलिलिटरला ४० युनिटची व्हायल आणि मिलिलिटरला १०० युनिटची सिरिंज अशी जोडी झाली तर २० च्या खुणेपर्यंत भरूनही पेशंटला ८ च युनिट जातात. उलट झालं, १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज, तर त्याच २० च्या खुणेवर ५० युनिट. गणित करावंच लागत नाही, खूण समोर दिसते. म्हणूनच सगळे फसतात.

फार्मसी काउंटर

या इन्सुलिनवर ट्यूटर मॅडमना मी एक गुण देतो. इथे लेबल वाचण्याला पर्याय नाही. एकाच वॉर्डात दोन्ही प्रकारच्या सिरिंज ठेवणाऱ्यांना मात्र माझा प्रश्न कायम आहे.

सिस्टर ट्यूटर

दोन दिवस उत्तर दिलं नाही, विचार करत होते.

इनचार्ज सिस्टर, वर्गीकरण मागे टाकायचं म्हणजे औषधाचं काम शिकवायचं नाही असं मला म्हणायचं नव्हतं, पण माझ्या लिहिण्यात तसं आलं खरं. डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड मी आजवर दोन वेगळ्या आठवड्यांत शिकवत आलेय. पुढच्या तुकडीला एकाच आजोबांच्या चार्टवर एकत्र शिकवेन. तसंच फेनिटॉइनचं, म्हणजे फिट्सवरच्या इंजेक्शनचं. मिनिटाला ५० मिलिग्रॅमहून वेगाने नाही, म्हणजे एक ग्रॅमला किमान २० मिनिटं, हे गणित झालं. वेगाने गेलं तर बीपी पडतं आणि हृदयाची लय बिघडते, हे कारण झालं. डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) मिसळलं तर गढूळ होतं, ते मी वर्गात काचेच्या ग्लासात करून दाखवते, आणि ते मुलं कधी विसरत नाहीत. तिन्ही एकाच तासाला शिकवता येतं.

रात्रपाळी ताई, पेपरही बदलतेय. शेवटची तीन गणितं शांत हॉलमध्ये होणार नाहीत. स्किल लॅबमध्ये, खरी सिरिंज, खरा पंप, मागे अलार्म, आणि मध्येच मी जाऊन काहीतरी विचारणार. जी मुलगी मला "मॅडम, एक मिनिट थांबा" म्हणेल तिला त्याचे गुण.

पण दहापैकी दहा मी सोडणार नाही. आणि ट्रॉलीचंही नाही.

वॉर्ड इनचार्ज

लॅबचं ऐकून बरं वाटलं. ट्रॉलीचं मला अजून पटलेलं नाही. आठ गणितं बरोबर आलेल्या मुलीला माझ्या शेजारी उभी करा. ती भरेल, मी बघेन, देताना सिरिंज माझ्या हातात असेल. तिच्या राहिलेल्या दोन गणितांचं काय चुकतं ते मला तिथेच कळेल. तुम्हाला कागदावर ते एक चुकीचं उत्तर म्हणून दिसतं. माझ्यासमोर ती लेबलाची कोणती ओळ आधी वाचते, ते दिसतं.

तिसरं वर्ष

ट्यूटर मॅडम, एक विचारू? ज्यांना पाच-सहा वेळा देऊनही दहा येत नाहीत त्यांचं काय? आमच्या बॅचमध्ये एक जण आहे. पेशंटशी तिच्याइतकं छान कोणी बोलत नाही, पण दशांश चिन्ह दिसलं की तिला घाम फुटतो.

सिस्टर ट्यूटर

तिला घेऊन ये माझ्याकडे. पेपर नको, रिकामी व्हायल, पाणी आणि एक सिरिंज घेऊन बसू. एक मिलिलिटर किती, अर्धा किती, त्याचा दहावा भाग किती, ते तिने आधी डोळ्यांनी बघायचं. दशांश चिन्ह आपण नंतर लिहू. बुधवारी दुपारी चारनंतर मी लॅबमध्येच असते.

वॉर्ड इनचार्ज

मीही येते. जुन्या रिकाम्या व्हायल्स आणि लेबलं घेऊन येईन, दिसायला सारखी असलेली मुद्दाम शोधून.